कोनशिला आणि कैफियत : अलेक्झांडर स्टीफन्सच्या ग्रंथाची चिकित्सा

१

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेकडील फुटीर राज्यसंघाचे उपाध्यक्षपद भूषविणारा अलेक्झांडर हॅमिल्टन स्टीफन्स याने युद्धसमाप्तीनंतर 'ए कॉन्स्टिट्यूशनल व्ह्यू ऑफ द लेट वॉर बिट्वीन द स्टेट्स' या नावाचा ग्रंथ लिहिला. त्याचा पहिला खंड १८६८ साली व दुसरा १८७० साली प्रसिद्ध झाला. पराभूत पक्षाच्या वतीने पुढे आलेल्या कैफियतींमध्ये बौद्धिक बांधणीच्या दृष्टीने या ग्रंथाचे स्थान वरचे आहे. जेफर्सन डेव्हिसचा ग्रंथ त्यानंतर अकरा वर्षांनी, १८८१ साली, बाहेर पडला. 'यादवी युद्ध' या शब्दाऐवजी 'राज्याराज्यांतील युद्ध' हा शब्दप्रयोग दक्षिणेत रूढ होण्यास स्टीफन्सच्या या ग्रंथनामाचे पुष्कळ साहाय्य झाले. नाव बदलले म्हणजे वादाचे स्वरूपही बदलते. यादवी एका कुटुंबात होते, युद्ध दोन सार्वभौम पक्षांत होते. ग्रंथाचा अर्धा युक्तिवाद अशा रीतीने मुखपृष्ठावरच उरकलेला आहे.

ग्रंथाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : हे युद्ध गुलामगिरीसाठी झाले नाही. संघतत्त्व आणि केंद्रीकरण या परस्परविरोधी राजकीय तत्त्वांचा झगडा राज्यघटनेच्या जन्मापासूनच चालू होता. गुलामगिरीचा प्रश्न हे केवळ त्या झगड्याला तोंड फुटण्याचे निमित्त होते. या प्रतिपादनाचा प्रभाव पुढे दीर्घकाळ टिकला. एडमंड विल्सनसारख्या विचक्षण समीक्षकानेही 'पेट्रिऑटिक गोर' (१९६२) या आपल्या ग्रंथात स्टीफन्सला एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि मध्यवर्ती सत्तेच्या वाढत्या व्यापाला विरोध करणारा विचारवंत म्हणून त्याची सहानुभूतिपूर्वक दखल घेतली.

या ग्रंथाची परीक्षा दोन मार्गांनी करता येते. त्यातील घटनाशास्त्रीय युक्तिवाद स्वीकारून किंवा खोडून काढून त्याचे मोल ठरविणे हा पहिला मार्ग होय, आणि आजवरच्या बहुतेक चर्चेचा ओघ तिकडेच राहिला आहे. ग्रंथकर्त्याची १८६१, १८६५ आणि १८६८–७० या तीन टप्प्यांवरील वचने कालक्रमाने शेजारी मांडून ती एकमेकांशी काय बोलतात ते पाहणे हा दुसरा. प्रस्तुत लेखात दुसरा मार्ग अनुसरला आहे. या मार्गाने गेल्यास असे दिसून येते की, ग्रंथाच्या मुख्य सिद्धान्ताचे खंडन करण्यासाठी उत्तरेकडील एकाही साक्षीदाराची आवश्यकता नाही. स्टीफन्सची साक्ष त्याला पुरेशी आहे. मात्र एवढ्यावरून त्याला दांभिक ठरवून मोकळे होणे हेही चिकित्सेला शोभणारे नाही. त्याचा दोष दंभाहून खोल आहे, आणि तो ग्रंथाच्या आशयाइतकाच त्याच्या रूपबंधातही उमटला आहे.

२

स्टीफन्सचा जन्म ११ फेब्रुवारी १८१२ रोजी जॉर्जिया राज्यात क्रॉफर्डव्हिल गावाजवळ झाला. जन्मानंतर थोड्याच महिन्यांत आई गेली. १८२६ साली वडील आणि पाठोपाठ सावत्र आईही निवर्तली. पोरका झालेला हा मुलगा परक्यांच्या औदार्यावर शिकला. एका उपकारकर्त्या शिक्षकाचे 'हॅमिल्टन' हे नाव त्याने कृतज्ञतेने आपल्या नावात घातले. १८३२ साली तो पदवीधर झाला आणि १८३४ साली त्याला वकिलीची सनद मिळाली. प्रकृती जन्मभर रोगट राहिली. वजन शंभर पौंडांच्याही आत. आवाज बारीक, चेहरा पांढराफटक. पण वादसभेत या कृश देहातून निघणारे शब्द मोठमोठ्या सभागृहांना खिळवून ठेवीत. १८४३ पासून १८५९ पर्यंत तो प्रतिनिधिगृहाचा सभासद होता. मेक्सिकोवरील युद्धाला त्याने विरोध केला. १८४८ सालच्या फेब्रुवारीत त्या विषयावर त्याने केलेले भाषण ऐकून इलिनॉयचा एक नवखा सभासद इतका हेलावला की, त्याने त्याच दिवशी घरच्या वकील-भागीदाराला पत्र लिहून त्याची वाखाणणी केली. त्या सभासदाचे नाव अब्राहम लिंकन.

या तपशिलांचे महत्त्व केवळ चरित्रात्मक नाही. दुःख, दारिद्र्य आणि परावलंबन यांचा प्रत्यक्ष अनुभव असलेला, युद्धज्वराच्या विरोधात एकाकी उभा राहू शकणारा, कायद्याच्या अक्षराला प्राणापलीकडे जपणारा असा हा मनुष्य होता. त्याचबरोबर युद्धारंभी त्याच्या मालकीचे तीसहून अधिक गुलाम होते. तो त्यांना सौम्यपणे वागवी, असे त्याचे चरित्रकार सांगतात. ते खरेही असावे. परंतु सौम्य धन्याच्या घरीही गुलाम हा गुलामच असतो, आणि धन्याच्या सौम्यपणाची साक्ष धन्याच्याच कागदपत्रांतून काढावी लागते, ही त्या व्यवस्थेची खूण चरित्रकारांच्या दृष्टीतून अनेकदा निसटली आहे.

१८५० सालच्या तडजोडीच्या वेळी स्टीफन्स संघराज्याच्या बाजूने उभा राहिला. त्या तडजोडीचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे पळून गेलेले गुलाम परत करण्यासंबंधीचा कायदा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉर्जियाने जो ठराव केला, त्याच्या पुरस्कर्त्यांत स्टीफन्स अग्रभागी होता. त्या ठरावानुसार संघराज्याचे टिकणे हे या कायद्याच्या प्रामाणिक अंमलबजावणीवर अवलंबून होते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे. हा कायदा मध्यवर्ती सरकारच्या अधिकाऱ्यांना उत्तरेकडील राज्यांच्या हद्दीत शिरून माणसे पकडण्याची मुभा देणारा होता. त्याला शह देण्यासाठी उत्तरेकडील अनेक राज्यांनी आपल्या अधिकारात स्वतंत्र कायदे केले. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तर हा कायदाच घटनाबाह्य ठरविला, आणि १८५९ साली मध्यवर्ती सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. म्हणजे या दशकात राज्यांच्या स्वायत्ततेचा झेंडा विस्कॉन्सिनच्या हाती होता आणि केंद्रसत्तेचा दंडुका जॉर्जियाला हवा होता. तत्त्वांचा झगडाच जर खरा असता, तर स्टीफन्स विस्कॉन्सिनच्या बाजूने दिसावयास हवा होता. तो तसा दिसत नाही. उलट उत्तरेकडील राज्यांचे हे कायदे म्हणजे कराराचा भंग होय, हीच त्याची अखेरपर्यंत तक्रार राहिली.

३

लिंकनच्या निवडणुकीनंतर १४ नोव्हेंबर १८६० रोजी मिलेजव्हिल येथे जॉर्जियाच्या विधिमंडळापुढे स्टीफन्सने जे भाषण केले, ते त्याच्या राजकीय जीवनातील एक धैर्याचे कृत्य होय. केवळ निवडणूक हरली म्हणून फुटून निघणे योग्य नव्हे, असे त्याने क्षुब्ध श्रोत्यांना बजावले. हे भाषण वाचून लिंकनने त्याच्याशी पत्रव्यवहार केला. २२ डिसेंबर १८६० च्या पत्रात लिंकनने दक्षिणेतील गुलामगिरीला आपण हात लावणार नाही असे आश्वासन देऊन पुढे मतभेदाचे मूळ दोन वाक्यांत सांगितले : दक्षिणेला गुलामगिरी न्याय्य वाटते व तिचा विस्तार व्हावा असे वाटते, उत्तरेला ती अन्याय्य वाटते व तिला मर्यादा पडावी असे वाटते. भावी शत्रूंनी प्रश्नाचे स्वरूप इतक्या नेमकेपणाने आणि इतक्या सौजन्याने ठरवून घेतल्याची उदाहरणे विरळ असतील. दहा वर्षांनंतर 'निमित्त' ठरलेली गोष्ट या पत्रात मुळाच्या जागी आहे.

जानेवारी १८६१ मध्ये जॉर्जियाच्या परिषदेत स्टीफन्सने फुटीविरुद्ध मत दिले; ठराव २०८ विरुद्ध ८९ मतांनी संमत झाला, आणि मग राज्याच्या निष्ठेला स्मरून त्याने त्यावर सहीही केली. या राज्याची लोकसंख्या १८६० च्या गणनेप्रमाणे सुमारे १० लक्ष ५७ हजार होती व त्यांपैकी सुमारे ४ लक्ष ६२ हजार लोक गुलाम होते. ज्या 'जनतेच्या इच्छे'पुढे स्टीफन्सने मान तुकविली, त्या जनतेच्या गणतीत या ४ लक्ष ६२ हजारांचा समावेश नव्हता. ही उणीव त्याला कोठेही जाणवलेली दिसत नाही.

फेब्रुवारीत माँटगोमरी येथे त्याची उपाध्यक्षपदी निवड झाली. २१ मार्च १८६१ रोजी सॅव्हाना शहरात त्याने जे भाषण केले, ते 'कोनशिला भाषण' म्हणून इतिहासात कुप्रसिद्ध आहे. नव्या घटनेतील जकात, सार्वजनिक बांधकामे, अध्यक्षाची मुदत, मंत्र्यांचा विधिमंडळातील प्रवेश इत्यादी सुधारणा सांगून झाल्यावर वक्ता मुख्य सुधारणेकडे वळतो. गुलामगिरी हेच फुटीचे तात्कालिक कारण असल्याचे तो स्वच्छपणे सांगतो. जुन्या घटनेच्या कर्त्यांना, आणि विशेषतः जेफर्सनला, गुलामगिरी ही तत्त्वतः चूक वाटत होती व ती कालांतराने नष्ट होईल अशी त्यांची अपेक्षा होती. ही कल्पना वंशांच्या समतेवर आधारलेली व म्हणून मुळातच चुकीची होती, असे त्याचे म्हणणे. नवे शासन नेमक्या उलट कल्पनेवर उभे आहे. कृष्णवर्णीय हा गौरवर्णीयाच्या बरोबरीचा नाही आणि दास्य ही त्याची स्वाभाविक अवस्था होय, हे 'सत्य' त्याची कोनशिला होय. या सत्यावर उभारलेले जगातील हे पहिलेच शासन, असा अभिमानही त्याने व्यक्त केला, आणि नव्या सत्यांचा स्वीकार सावकाश होतो हे दाखविण्यासाठी गॅलिलिओ, हार्वे आणि अ‍ॅडम स्मिथ यांचे दाखले दिले.

हे भाषण उत्स्फूर्त होते, हे खरे. परंतु ते एकाकी नाही. महिन्याभराने, २३ एप्रिल रोजी, व्हर्जिनियाशी सैनिकी करार करण्यासाठी प्रतिनिधी म्हणून गेला असता रिचमंडच्या परिषदेपुढे त्याने वंशाधारित दास्याचे हेच तत्त्व पुन्हा मांडले. ११ मार्च रोजी स्वीकृत झालेल्या दक्षिणी घटनेत कृष्णवर्णीय गुलामांवरील मालकीहक्काला बाध आणणारा कायदा करण्यास स्पष्ट मनाई होती. जुन्या घटनेने 'गुलाम' हा शब्द उच्चारण्याचे कटाक्षाने टाळले होते. नव्या घटनेला त्याचा संकोच उरला नव्हता. तेव्हा सॅव्हानाच्या वक्त्याने आपल्या घटनेवर केलेले भाष्य हे यथार्थ भाष्य होते.

४

युद्धकाळातील स्टीफन्सचे वर्तन हा त्याच्या चरित्रातील सर्वांत वेधक आणि चिकित्सकाला सर्वांत अडचणीत टाकणारा भाग होय. केंद्रीकरणाच्या भीतीने जन्मलेल्या या राज्यसंघाने थोड्याच काळात केंद्रीकरणाचा कळस गाठला. एप्रिल १८६२ मध्ये अमेरिकेच्या भूमीवरील पहिली राष्ट्रव्यापी सक्तीची लष्करभरती दक्षिणेने सुरू केली. बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क तहकूब झाला. धान्य व जनावरे सरकारजमा होऊ लागली. स्टीफन्सने या प्रत्येक गोष्टीला विरोध केला. राजधानी रिचमंड सोडून तो महिनेच्या महिने क्रॉफर्डव्हिलच्या घरी राहू लागला. राज्यपाल जोसेफ ब्राउन आणि आपला सावत्र भाऊ लिंटन यांच्या साहाय्याने तो अध्यक्ष डेव्हिसविरुद्धच्या पक्षाचा आधार बनला. १६ मार्च १८६४ रोजी जॉर्जियाच्या विधिमंडळापुढे त्याने बंदी प्रत्यक्षीकरणाच्या तहकुबीविरुद्ध प्रदीर्घ भाषण केले. स्वातंत्र्य आधी गमावून स्वराज्य मिळविता येत नाही, एकदा सोडलेले हक्क युद्धानंतर आपोआप परत येत नसतात, असा त्याचा आशय होता.

तहासाठीही तो धडपडला. जुलै १८६३ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीच्या निमित्ताने पांढरे निशाण लावून तो वॉशिंग्टनकडे निघाला. परंतु त्याच सुमारास गेटिसबर्ग येथे दक्षिणेचा पराभव झाला आणि त्याला पुढे जाऊ देण्यात आले नाही. ३ फेब्रुवारी १८६५ रोजी हॅम्प्टन रोड्स येथे एका आगबोटीवर तो व त्याचे दोन सहकारी लिंकन आणि सेवर्ड यांना भेटले. संघराज्याचे पुनरैक्य, गुलामांच्या मुक्तीबाबत माघार न घेणे आणि सैन्यांचे विसर्जन यांवर लिंकन ठाम होता, बोलणी फिसकटली. जाताना स्टीफन्सने आपल्या कैदेत असलेल्या पुतण्याची चौकशी केली आणि लिंकनने त्या तरुणाला सोडून दिले. सोळा वर्षांपूर्वीच्या स्नेहाचा एवढाच धागा त्या संहारातून शाबूत राहिला.

यावरून स्टीफन्सची स्वातंत्र्यनिष्ठा ही युद्धानंतर बनविलेली सबब नव्हती, हे मान्य केले पाहिजे. स्वपक्षाचा रोष पत्करून, ऐन युद्धात, त्याने तिची किंमत मोजली. विल्सनला त्याच्याविषयी आदर वाटला तो या कारणाने, आणि तेवढ्यापुरता तो अनाठायी नाही. परंतु प्रश्न निष्ठेच्या खरेपणाचा नसून तिच्या व्याप्तीचा आहे. विनाचौकशी अटक झालेल्या गौरवर्णीय नागरिकासाठी जो मनुष्य तासन् तास बोलू शकतो, त्याला चौकशीविना, आरोपाविना, जन्मापासून बंदिवान असलेली माणसे आपल्याच अंगणात दिसत नाहीत. दिसत नाहीत असे म्हणणेही पुरते खरे नाही. ती दिसतात, परंतु ज्या शब्दांत हक्कांचा विचार होतो, त्या शब्दांच्या कक्षेत ती येत नाहीत. स्टीफन्सच्या कोशात स्वातंत्र्य हा शब्द धन्याचा आहे. म्हणूनच त्याची स्वातंत्र्यनिष्ठा आणि त्याचे गुलामगिरीचे समर्थन यांत त्याला स्वतःला विसंगती जाणवली नाही. आणि त्याच्या कोशाची मर्यादा मान्य केल्यास ती तेथे नाहीही.

५

११ मे १८६५ रोजी स्टीफन्सला त्याच्या घरी अटक झाली आणि बोस्टनच्या बंदरातील फोर्ट वॉरेन या किल्ल्यात ठेवण्यात आले. ऑक्टोबरात त्याची सुटका झाली. या काळात त्याने लिहिलेली रोजनिशी १९१० साली प्रसिद्ध झाली. एकांत, आजारपण, लिंटनची ओढ, घरच्या माणसांची आठवण यांनी भरलेले हे लेखन त्याच्या साऱ्या लेखनात सर्वांत जिवंत आहे. गुलामांच्या विवाहांना कायद्याची मान्यता नसणे, त्यांना अक्षरज्ञानापासून वंचित ठेवणे यांसारख्या गोष्टींत दक्षिणेकडून चूक झाली, अशा कबुलीपर्यंतही तो येथे येतो.

कोनशिला भाषणाचा खुलासा या रोजनिशीत आहे. बातमीदाराची टिपणे सदोष होती, ती आपण घाईघाईने दुरुस्त केली, आणि चुका तशाच राहून भाषण छापले गेले, असे तो प्रथम सांगतो. सदोष अहवालाची सबब आणि तो अहवाल स्वतःच तपासल्याची कबुली एकाच ठिकाणी यावी, हे वकिलाच्या लेखणीला शोभत नाही. परंतु रोजनिशीत वकिलापेक्षा माणूस अधिक बोलतो. पुढे तो म्हणतो की, नव्या घटनेने कृष्णवर्णीयांच्या स्थितीत कोणताही बदल केला नाही. घटनेतील नव्या मनाईकडे पाहता हे विधान टिकणारे नाही. त्यानंतर आपला खरा आशय म्हणून तो जे देतो, ते असे : कनिष्ठ वंशाने श्रेष्ठ वंशाच्या अधीन असणे हा निसर्गनियम आहे, त्याला गुलामगिरी म्हणा वा अन्य काही म्हणा, दक्षिणेच्या संस्था या तत्त्वावर उभ्या होत्या आणि नवा राज्यसंघ याच जाणिवेने स्थापन झाला, कोनशिला या रूपकाचा अर्थ एवढाच.

हा खुलासा आणि मूळ भाषण शेजारी ठेवले असता खुलाशाने काय मागे घेतले, हे सांगणे कठीण होते. स्वर खाली आला आहे, गॅलिलिओ नाहीसा झाला आहे, 'गुलामगिरी' हा शब्द डोळ्यांसमोर नको झाला आहे. परंतु शिला जागच्या जागी आहे. इतकेच नव्हे, तर गुलामगिरी हे फुटीचे निःसंशय निमित्त होते, अशी नोंदही तेथे आहे. १८६१ साली तो जिला कारण म्हणतो, तीच १८६५ साली निमित्त होते आणि १८६८ च्या ग्रंथात केवळ तत्त्वसंघर्षाची एक बाजू उरते. वस्तुस्थिती तीच राहून तिचे व्याकरण मात्र पायरीपायरीने बदलत गेले आहे. पराभवानंतरची कैफियत कशी घडते, याचा इतका स्वच्छ आलेख अन्यत्र क्वचितच मिळेल.

६

मुख्य ग्रंथाकडे या पार्श्वभूमीवर पाहावयाचे. हा ग्रंथ संवादरूप आहे. स्टीफन्सच्या 'लिबर्टी हॉल' या निवासस्थानी उत्तरेकडील तीन पाहुणे येतात : मॅसॅच्युसेट्सचा न्यायाधीश बायनम, कनेक्टिकटचा प्राध्यापक नॉर्टन आणि पेनसिल्व्हानियाचा मेजर हाइस्टर. ही तिन्ही पात्रे कल्पित आहेत व उत्तरेतील तीन निरनिराळ्या मतच्छटांचे प्रातिनिधित्व करतात. ते शंका काढतात, वेब्स्टर व स्टोरी यांच्या मतांचे दाखले देतात. यजमान मूळ कागदपत्रे काढून एकेका शंकेचे निरसन करतो. राज्यघटनेला प्रत्येक राज्याने स्वतंत्रपणे संमती दिली, म्हणून सार्वभौमत्व राज्यांकडेच राहिले, आणि करार मोडल्यास बाहेर पडण्याचा हक्कही राहिला, ही या निरूपणाची दिशा. साधनसामग्रीची विपुलता, स्मरणशक्ती आणि चिकाटी यांबाबत ग्रंथ स्तुत्य आहे. पहिल्या खंडातील घटनासंमतीच्या इतिहासाचा भाग आजही अभ्यासनीय आहे.

परंतु संवाद या रूपबंधाचा न्याय असा की, प्रतिपक्षाला त्याचे बलवत्तर शस्त्र वापरू द्यावे लागते. येथे ते घडत नाही. तिन्ही पाहुणे घटनेच्या कलमांवर प्रश्न विचारतात आणि यजमानाच्या सोयीच्या ठिकाणी थांबतात. लिंकनने १८६० च्या पत्रात दोन वाक्यांत मांडलेला मुद्दा ग्रंथाच्या मध्यभागी उभा राहून उत्तर मागत आहे, असे कोठेही होत नाही. दुसऱ्या खंडातील हॅम्प्टन रोड्सच्या वृत्तान्ताबाबत हीच सावधगिरी बाळगावी लागते. दक्षिणेकडील राज्यांनी मुक्तीच्या घटनादुरुस्तीला पुढील काही वर्षांनी अमलात येईल अशा बेताने संमती द्यावी, असे लिंकनने सुचविल्याचे स्टीफन्स सांगतो. ज्याने याची शहानिशा करावयाची, तो लिंकन तोपर्यंत हयात नव्हता. अनेक इतिहासकारांनी या कथनाविषयी शंका व्यक्त केली आहे.

याहून मोठी उणीव पात्रयोजनेत आहे. युद्ध संपून गुलाम मुक्त झाले होते. स्टीफन्सच्या घरी पूर्वी गुलाम असलेली काही माणसे मुक्तीनंतरही तेथेच कामाला होती. ज्या प्रश्नावरून सहा लक्षांहून अधिक माणसे मेली, त्या प्रश्नाशी ज्यांचा जन्ममृत्यूचा संबंध, ते त्या घरात, त्या बैठकीपासून हाकेच्या अंतरावर होते. संवाद चालतो चौघा गौरवर्णीय सद्गृहस्थांत. मॅसॅच्युसेट्सचा मनुष्य बोलू शकतो, कनेक्टिकटचा बोलू शकतो. क्रॉफर्डव्हिलचा कृष्णवर्णीय वादात भाग घेत नाही. गुलामगिरीला 'निमित्त' ठरविणारा सिद्धान्त अशाच बैठकीत टिकू शकतो. पाचवा मनुष्य बोलावयास उभा राहताच तो कोसळतो. कारण त्याच्या दृष्टीने राज्यांचे सार्वभौमत्व हेच निमित्त असते आणि गुलामगिरी हीच वस्तू. ग्रंथाचा दोष त्याच्या तर्कात शोधणाऱ्यांना म्हणूनच तो पुष्कळदा सापडला नाही. तर्क गृहीतकापासून पुढे निर्दोष चालतो. गृहीतक मात्र बैठकीच्या निमंत्रणातच ठरून गेलेले आहे.

७

ज्याला ग्रंथात जागा मिळाली नाही, तो पाचवा मनुष्य इतिहासात मात्र उभा राहिला. १८६६ च्या जानेवारीत जॉर्जियाने स्टीफन्सला सिनेटवर निवडून दिले असताही त्याला तेथे बसू देण्यात आले नव्हते. १८७३ च्या डिसेंबरात तो प्रतिनिधिगृहात परतला. ५ जानेवारी १८७४ रोजी त्याने नागरी हक्कांच्या विधेयकाला विरोध करणारे भाषण केले. युक्तिवाद जुनाच : हे विषय राज्यांच्या कक्षेतील आहेत, मध्यवर्ती सरकारला तेथे अधिकार नाही. दुसऱ्या दिवशी, ६ जानेवारीला, दक्षिण कॅरोलायनाचा कृष्णवर्णीय प्रतिनिधी रॉबर्ट ब्राउन एलियट उत्तर देण्यास उठला. त्याने घटनाशास्त्राला घटनाशास्त्राने उत्तर दिले, आणि मग स्टीफन्सच्या वयाचा व परतण्याचा मान राखून, गुलामगिरीची कोनशिला बसवून उभारलेल्या शासनाची घोषणा बारा वर्षांपूर्वी याच सद्गृहस्थाने केली होती, याची सभागृहाला आठवण करून दिली. दोन खंडांनी जे आच्छादिले होते, ते एका भाषणाने उघडे पडले. विधेयक १८७५ साली कायदा झाले. १८८३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील मुख्य कलमे रद्द केली. स्टीफन्स तो निकाल पाहावयास नव्हता. जॉर्जियाच्या राज्यपालपदी असता ४ मार्च १८८३ रोजी तो निवर्तला होता. युक्तिवादाचा जय वक्त्याच्या मृत्यूनंतर झाला.

मराठी अभ्यासकाला या ठिकाणी एक समकालीन ग्रंथ आठवल्यावाचून राहत नाही. जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' १८७३ साली, म्हणजे स्टीफन्सच्या दुसऱ्या खंडानंतर तीनच वर्षांनी, प्रसिद्ध झाली. ती ज्यांना अर्पण केली आहे, ते कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेले अमेरिकेतील सज्जन लोक होत. तीही संवादरूप आहे. तिच्यातील धोंडीबाही बहुधा जोतीरावांच्या सोयीचेच प्रश्न विचारतो. संवादाच्या रूपबंधातील उणीव म्हणून पाहिले तर दोन्ही ग्रंथ तिच्यातून सुटलेले नाहीत. भेद दुसरीकडे आहे. पुण्याच्या संवादात दास्याची व्याख्या ज्यांनी ते सोसले त्यांच्या बाजूने होते. क्रॉफर्डव्हिलच्या संवादात ती धन्याच्या दिवाणखान्यात होते. युद्ध कशासाठी झाले, याचा निवाडा करताना हजारो मैलांवरच्या जोतीरावांना जे एका अर्पणपत्रिकेत सांगता आले, ते घटनेच्या पंडिताला दोन खंडांत सांगता आले नाही. यात बुद्धीचा उणेपणा नाही. पाहण्याच्या जागेचा फरक आहे.

स्टीफन्सचा ग्रंथ म्हणून टाकाऊ ठरत नाही. संघराज्य आणि घटक राज्ये यांच्या संबंधांचा प्रश्न त्याने उभा केला तो बनावट नव्हता, आणि युद्धकाळातील सत्तेच्या अतिक्रमणाविषयीचे त्याचे इशारे कोणत्याही लोकशाहीला उपयोगी आहेत. परंतु तो १८६१ च्या भाषणापासून तोडून, एकटा वाचता कामा नये. राज्यांच्या हक्कांचा कैवार घेणाऱ्या कोणत्याही ग्रंथाला विचारावयाचा पहिला प्रश्न असा की, राज्याने तो हक्क कोणावर चालवावयाचा आहे. स्टीफन्सने या प्रश्नाचे उत्तर सॅव्हाना येथे प्रामाणिकपणे दिले होते. पुढील सारे आयुष्य त्याने ते उत्तर विसरविण्यात घालविले. आणि फोर्ट वॉरेनच्या कोठडीत, जेथे कोणी ऐकणारे नव्हते, तेथेही त्याला ते बदलता आले नाही.